शौर्याला हवी वेगाची साथ

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. भोंगे वाजले, दिवे मालवले गेले, शाळा-कचेऱ्यांतून माणसे सुरक्षित जागी हलवण्याची रंगीत तालीम झाली. त्याच दिवशी पहाटे 'ऑपरेशन सिंदूर'ने पहलगामच्या हत्याकांडाला उत्तर दिले असल्याने सर्वांचे लक्ष सीमेकडे लागले होते. त्यामुळे एका गोष्टीची चर्चा व्हावी तितकी झाली नाही. नागरी संरक्षणाच्या यादीत सर्वाधिक दक्षतेच्या पहिल्या श्रेणीत महाराष्ट्रातील तीनच ठिकाणांचा समावेश आहे : मुंबई, उरण आणि तारापूर.

मुंबईचे नाव पाहून कोणाला आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. उरणला नौदलाचे ठाणे आणि तेल-वायूचे प्रकल्प आहेत. पण पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे, डायमेकर आणि मच्छीमारांच्या आठवणीतले तारापूर या पंक्तीत का बसते, हे बोईसरच्या स्थानकावर रोज लोकल पकडणाऱ्या नोकरदारालाही सांगावे लागू नये. देशातील पहिले अणुविद्युत केंद्र येथे आहे. त्याच्यापासून काही किलोमीटरवर शेकडो कारखान्यांची औद्योगिक वसाहत असून त्यांतील अनेक कारखाने रासायनिक आहेत. उत्तरेला डहाणूचे औष्णिक वीज केंद्र आहे. मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग आणि महामार्ग याच जिल्ह्यातून जातात. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ज्याचा शिलान्यास झाला, ते वाढवण बंदरही याच किनाऱ्यावर उभे राहणार आहे. एवढे सारे एका चिंचोळ्या पट्ट्यात आणि समोर उघडा समुद्र.

या किनाऱ्यावर उद्या संकट ओढवलेच, तर मदतीला कोण येणार, कोठून येणार आणि किती वेळात येणार, हा आजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आपल्या वायुदलाच्या एका विशेष स्क्वाड्रनची ओळख करून घ्यावी लागते. या स्क्वाड्रनचे नाव वृत्तपत्रांत क्वचितच येते. तसे ते येऊ नये, हेच तिच्या कार्याचे स्वरूप आहे.

दहा तासांचा हिशेब

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री साडेनऊनंतर मुंबईत गोळीबार सुरू झाला. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे, म्हणजेच एन.एस.जी.चे कमांडो हरयाणातील मानेसर येथे सज्ज होते. त्यांच्या शौर्याविषयी, प्रशिक्षणाविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट यांनी पुढे स्वतःच्या प्राणांची आहुती देऊन ते सिद्धही केले. पण हे वीर प्रत्यक्ष शत्रूला भिडेपर्यंत दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडली होती. मधे जवळजवळ दहा तास गेले.

हे दहा तास कसे गेले? दिल्ली ते मुंबई हा हवाई प्रवास अवजड मालवाहू विमानालाही अडीच-तीन तासांचा आहे. उरलेला वेळ आकाशात गेलाच नाही, तो जमिनीवर गेला. निर्णय व्हायला वेळ लागला. कमांडो मानेसरहून दिल्लीच्या विमानतळावर यायला वेळ लागला. दिल्लीत त्यांना नेण्याजोगे विमान तयार नव्हते, म्हणून चंदीगडहून आय.एल.-७६ मागवावे लागले. मुंबईत उतरल्यावर बसगाड्यांची व्यवस्था होऊन घटनास्थळी पोहोचायला पुन्हा वेळ लागला. दुसरीकडे त्या प्रत्येक तासाला ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमध्ये निरपराध माणसे मारली जात होती. एकूण १६६ जणांचे प्राण गेले.

त्या रात्री धैर्याची उणीव नव्हती. धैर्याला वेळेवर रणांगणावर नेऊन उतरवणारी व्यवस्था नव्हती. विशेष कारवाईसाठी वेगळी हवाई तुकडी कशाला हवी, असे विचारणाऱ्याला २६/११ चा हा हिशेब दाखवावा. दुसऱ्या उत्तराची गरज उरत नाही.

परंपरा जुनी, यंत्र नवे

मूठभर निवडक माणसे, अचूक माहिती, रात्रीची वेळ, अनपेक्षित प्रहार आणि आधीच ठरवलेला परतीचा मार्ग. विशेष कारवाईचे हे सूत्र महाराष्ट्राला कोणी परदेशातून आणून शिकवावे लागत नाही. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री छत्रपती शिवाजी महाराजांनी लालमहालात शायिस्तेखानावर घातलेला छापा या सूत्राचा वस्तुपाठ आहे. तारापूरच्या शेजारीच, दादरा-नगर हवेलीत, २ ऑगस्ट १९५४ रोजी संघ स्वयंसेवक आणि आझाद गोमंतक दलाच्या तरुणांनी भर पावसात सिल्वासावर तिरंगा फडकवला. ख्यातनाम गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांत होते. सैन्य नव्हते, विमाने तर नव्हतीच. तरी योजना, गुप्तता आणि गती या तिन्हींच्या बळावर परकी सत्ता हटली.

स्वतंत्र भारताच्या वायुदलानेही जन्मापासून हीच परंपरा जपली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डकोटा विमानांनी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनला श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरवले आणि काश्मीर वाचले. त्या तुकडीचे नायक लेफ्टनंट कर्नल रणजित राय त्याच दिवशी बारामुल्लाजवळ धारातीर्थी पडले. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन लेह येथे पहिले डकोटा उतरवले. ना आधुनिक उपकरणे, ना तेवढ्या उंचीवर उड्डाणाचा अनुभव, ना पक्की धावपट्टी. काश्मीरच्या त्याच संग्रामात हृषीकेश मूळगावकर या मराठी अधिकाऱ्याने महावीर चक्र मिळवले. पुढे ते वायुदलप्रमुख झाले. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइल येथे दुसऱ्या पॅरा बटालियनचे जवान छत्र्यांनी उतरले आणि ढाक्याकडे माघारी जाणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट त्यांनी अडवली.

या परंपरेतील सर्वांत नेत्रदीपक प्रसंग ३ नोव्हेंबर १९८८ चा. मालदीवच्या राजधानीत भाडोत्री बंडखोरांनी सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला आणि राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी भारताकडे साहाय्य मागितले. त्याच रात्री आग्र्याहून निघालेली दोन आय.एल.-७६ विमाने ब्रिगेडियर फारुख बुलसारा यांच्या छत्रीधारी सैनिकांना घेऊन अडीच हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून हुलहुलेच्या बेटावरील धावपट्टीवर उतरली. विमानतळ शत्रूच्या ताब्यात आहे की नाही, याचीही खात्री नव्हती. भारताचे उच्चायुक्त बॅनर्जी तेव्हा सुदैवाने दिल्लीत होते. त्यांची माहिती कामी आली आणि ते स्वतः विमानातून सोबत गेले. रात्र सरण्यापूर्वी राष्ट्राध्यक्ष सुरक्षित होते.

येथे विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. १९८८ मध्ये परदेशातील बेटावर सैन्य पोहोचवायला एक दिवसही लागला नाही आणि २००८ मध्ये आपल्याच देशाच्या आर्थिक राजधानीत पोहोचायला रात्र उलटली. कारण आग्र्याला छत्रीधारी ब्रिगेड आणि तिला नेणारी विमाने एकमेकांच्या सान्निध्यात होती, एकमेकांच्या सवयीची होती. मानेसर आणि चंदीगड यांच्यात तसे नाते नव्हते. माणसे तीच, निष्ठा तीच; फरक होता तो रचनेचा.

इतर राष्ट्रांनी काय केले?

४ जुलै १९७६ रोजी इस्रायलने चार हर्क्युलिस विमाने युगांडातील एंटेबी विमानतळावर मध्यरात्री उतरवून शंभराहून अधिक ओलिसांची सुटका केली. तुकडीचे नायक योनातन नेतान्याहू या कारवाईत कामी आले. साऱ्या जगाने या साहसाचे कौतुक केले. पण त्यामागे वैमानिक आणि कमांडो यांचा एकत्र केलेला अहोरात्र सराव होता, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले.

एप्रिल १९८० मध्ये अमेरिकेने इराणमधील आपल्या ओलिसांसाठी तसाच प्रयत्न केला. तिच्याकडे जगातील उत्तमोत्तम यंत्रे होती. पण वेगवेगळ्या दलांतून गोळा केलेली माणसे आणि हेलिकॉप्टरे ऐन वाळवंटात एकमेकांशी जुळली नाहीत. मोहीम रद्द करून परतताना हेलिकॉप्टर विमानावर आदळले आणि आठ सैनिक मृत्युमुखी पडले. या नामुष्कीतून अमेरिकेने धडा घेतला. विशेष मोहिमांसाठी स्वतंत्र हवाई तुकड्या उभारल्या आणि १९८७ साली विशेष मोहिमांचे संयुक्त मुख्यालय स्थापन केले. अशा कामासाठी विमान, वैमानिक आणि कमांडो ऐनवेळी एकत्र आणून चालत नाही, ते वर्षानुवर्षे एकत्र राहावे लागतात. एंटेबीचे यश आणि इराणमधील अपयश, दोन्हींतून निघणारा बोध हा एकच आहे.

हिंडनचे ७७ वे स्क्वाड्रन

भारतात ही उणीव भरून काढण्याचे काम वायुदलाच्या ७७ व्या स्क्वाड्रनकडे आले. दिल्लीलगत गाझियाबाद येथील हिंडन तळावर हे स्क्वाड्रन आहे. 'व्हेल्ड व्हायपर्स', म्हणजे आवरणाआड दडलेले विषारी सर्प, हे त्याचे नाव त्याच्या कामाला साजेसे आहे. सी-१३०जे सुपर हर्क्युलिस या सहा विमानांचा करार २००८ च्या आरंभी, म्हणजे मुंबईवरील हल्ल्यापूर्वीच झाला होता. ५ फेब्रुवारी २०११ रोजी पहिले विमान विधिवत सेवेत दाखल झाले. त्या वेळी वायुदलाचे प्रमुख होते एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक, नागपूरचे सुपुत्र. पुढे आणखी सहा विमानांची मागणी नोंदवली गेली आणि पश्चिम बंगालमधील पानागढच्या अर्जनसिंग तळावर ८७ वे स्क्वाड्रन उभे राहिले.

हे विमान दिसायला साधे मालवाहू वाटते. चार टर्बोप्रॉप इंजिने, प्रत्येकाला सहा पात्यांचा पंखा, पोटात सुमारे वीस टन भार किंवा ९२ छत्रीधारी सैनिक. पण त्याची खरी योग्यता वेगळ्या ठिकाणी आहे. ते आखूड, ओबडधोबड, कच्च्या धावपट्टीवर उतरू शकते. त्याच्या नाकाखालील अवरक्त संवेदक काळोखात जमिनीचे चित्र वैमानिकाला दाखवतो. वैमानिक रात्री पाहण्याचे खास चष्मे लावून, बाहेरचे दिवे मालवून, डोंगररांगांच्या आडून, रडारच्या नजरेखालून उडतात. धावपट्टीवर दिवे नसले तरी ते उतरतात. इंजिने बंद न करता मागचा दरवाजा उघडतात, जवान आणि वाहने उतरवतात आणि काही मिनिटांत पुन्हा आकाशात झेपावतात. शत्रूला आवाज येईपर्यंत काम झालेले असते.

हे कौशल्य यंत्राबरोबर खोक्यातून येत नाही. त्यासाठी अमावास्येच्या रात्री पुन्हा पुन्हा उडावे लागते आणि त्याची किंमतही मोजावी लागते. २८ मार्च २०१४ रोजी कमी उंचीवरून उड्डाणाचा सराव करताना ग्वाल्हेरजवळ या स्क्वाड्रनचे एक विमान कोसळले आणि पाच वायुवीर हुतात्मा झाले. शांततेच्या काळात, कोणताही गाजावाजा नसताना, केवळ तयारीसाठी दिलेले हे बलिदान रणांगणावरील बलिदानाहून तसूभरही कमी नाही.

स्क्वाड्रनचा जोडीदार आहे वायुदलाचे 'गरुड' कमांडो दल. ते २००४ साली स्थापन झाले. पुढे जाऊन धावपट्टी ताब्यात घेणे, विमानाला सुरक्षित उतरवून घेणे, ओलिसांची सुटका करणे ही त्याची कामे. काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढण्यासाठीही गरुडांना पाठवले गेले. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी बांदीपोरा जिल्ह्यातील हाजिन येथे सार्जंट मिलिंद किशोर खैरनार हे उत्तर महाराष्ट्राचे सुपुत्र अशाच चकमकीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. पुढच्याच महिन्यात कॉर्पोरल ज्योतिप्रकाश निराला यांनी त्याच जिल्ह्यात हौतात्म्य पत्करले आणि अशोकचक्राचे ते मानकरी ठरले.

कामगिरीची साक्ष

पंधरा वर्षांत या विमानांनी काय साधले, याची नोंद पुरेशी बोलकी आहे. जून २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयात हेलिकॉप्टरांना इंधन मिळेना, तेव्हा हर्क्युलिस धरासूच्या आखूड धावपट्टीवर इंधन घेऊन उतरले. २० ऑगस्ट २०१३ रोजी ग्रुप कॅप्टन तेजबीरसिंग यांच्या नेतृत्वाखाली एक विमान लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथे १६,६१४ फूट उंचीवर, चीनच्या सीमेला लागून उतरले. मेहरसिंगांनी लेहला दाखवलेली वाट ६५ वर्षांनी आणखी उंचावर गेली. नेपाळच्या भूकंपात एप्रिल २०१५ मध्ये पहिली मदत घेऊन पोहोचणाऱ्यांतही हेच विमान होते.

पण सामान्य माणसाच्या हृदयाला भिडणारी कामगिरी सुदानची. एप्रिल २०२३ मध्ये तेथे गृहयुद्ध भडकले आणि हजारो भारतीय अडकले. बंदरापर्यंत पोहोचू न शकलेल्या १२१ जणांसाठी, ज्यांत एक गर्भवती भगिनीही होती, २७ एप्रिलच्या रात्री विंग कमांडर रवी नंदा यांनी खार्टूमच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर वादी सय्यिदना येथे हर्क्युलिस उतरवले. धावपट्टी खराब, दिवे नाहीत, दिशादर्शक यंत्रणा नाही, इंधन नाही. अवरक्त संवेदक आणि रात्रीचे चष्मे यांच्या आधारे विमान उतरले. इंजिने सुरूच ठेवली गेली. आठ गरुडांनी विमानाभोवती कडे केले, प्रवासी आणि त्यांचे सामान आत घेतले आणि विमान जेद्दाहकडे निघाले. त्या १२१ कुटुंबांना स्क्वाड्रनचा क्रमांक ठाऊक असेल की नाही, कोण जाणे. पण देश आपल्याला टाकून देत नाही, याचा अनुभव त्यांनी घेतला.

मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांनी बळकावलेल्या 'एम.व्ही. रुएन' या जहाजासाठी वायुदलाच्या सी-१७ विमानाने भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटर दूर समुद्रात नौदलाचे मार्कोस कमांडो आणि त्यांच्या दोन नौका छत्र्यांनी उतरवल्या. नौदलाच्या 'आय.एन.एस. कोलकाता'ने जहाज आधीच रोखून धरले होते. १७ खलाशी सुखरूप सुटले, ३५ चाचे शरण आले आणि त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन केले गेले. २००८ मध्ये ज्या मुंबईला समुद्रातून आलेल्या दहा जणांनी वेठीला धरले, त्याच मुंबईत समुद्रावरचे ३५ गुन्हेगार बेड्या घालून उतरवले गेले. रचना बदलली की चित्र कसे बदलते, हे यावरून दिसते.

तारापूरची दुसरी शिकवण

तारापूर आपल्याला आणखी एक धडा देते आणि तो या विमानांनाही लागू आहे. १९६३ च्या भारत-अमेरिका करारानुसार उभारलेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. यंत्र अमेरिकेचे, इंधनही अमेरिकेचे. १९७४ साली भारताने पोखरणला अणुचाचणी केली आणि अमेरिकेने इंधनाच्या पुरवठ्यात खोडा घातला. करार तीस वर्षांचा असूनही १९८२ साली फ्रान्सकडे वळावे लागले. परक्याच्या किल्लीने उघडणारे कुलूप आपल्या घराला किती काळ लावावे, हा प्रश्न तारापूरने देशाला विचारला. त्याचे उत्तरही तारापूरनेच दिले. २००५ आणि २००६ मध्ये तेथेच भारतीय रचनेच्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या ग्रामस्थांनी आपली घरे-शेते सोडली, हे ऋणही विसरता कामा नये.

हर्क्युलिस विमानेही अमेरिकेचीच आहेत. भारताने संबंधित संपर्क-सुरक्षा करारावर सही केली नव्हती, म्हणून त्यांतील काही गुप्त संदेशवहन उपकरणे देण्यास अमेरिकेने नकार दिला होता. तो करार २०१८ मध्ये झाला. विमान उत्तम आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु राष्ट्राच्या सर्वांत गुप्त मोहिमा ज्यातून करायच्या, त्या विमानाचे सुटे भाग आणि सांकेतिक उपकरणे कायम दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवणे शहाणपणाचे नाही. हैदराबादला टाटांच्या कारखान्यात या विमानाचा शेपटीकडचा भाग तयार होतो. बोईसरहून ज्या लोहमार्गाने गाडी जाते, त्याच मार्गावरील बडोद्याला २८ ऑक्टोबर २०२४ रोजी सी-२९५ विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले असून ५६ पैकी ४० विमाने तेथे घडणार आहेत. हा आरंभ आहे. तारापूरला परकीय अणुभट्टीपासून स्वदेशी अणुभट्टीपर्यंत यायला साडेतीन दशके लागली. विमानांच्या बाबतीत तेवढा काळ दवडणे आपल्याला परवडणार नाही.

किनाऱ्यासाठी काय हवे?

२६/११ नंतर काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००९ मध्ये मुंबईत एन.एस.जी.चे केंद्र सुरू झाले. महाराष्ट्र पोलिसांचे 'फोर्स वन' उभे राहिले. २०१९ मध्ये तिन्ही दलांच्या विशेष तुकड्यांचा संयुक्त विभाग स्थापन झाला. तारापूरच्या केंद्राला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे कवच आहे. डहाणूला तटरक्षक दलाचे ठाणे आहे. काही जण म्हणतील, एवढे असताना आणखी खर्च कशाला?

त्यांनी थोडा विचार करावा. मुंबईतील केंद्रापासून तारापूरला रस्त्याने यायचे, तर घोडबंदर आणि वसई-विरारच्या वाहतूक कोंडीतून यावे लागते. ही वाट या भागातील प्रत्येक चाकरमान्याच्या परिचयाची आहे. हिंडनहून तारापूरपर्यंतचे सरळ अंतर सुमारे अकराशे किलोमीटर; हर्क्युलिसला दोन तासांच्या आसपास लागणारच. शत्रूने एकाच वेळी दोन ठिकाणी डाव टाकला, तर काय? मुंबईवरील हल्ल्यापूर्वी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचीही पाहणी केली होती. शत्रूचे डोळे अणुकेंद्रांकडे लागले होते, हे त्यातून उघड झाले आहे.

म्हणून काही गोष्टी आग्रहाने मांडाव्याशा वाटतात. पहिली, विशेष मोहिमांच्या विमानांची एक छोटी तुकडी पाळीपाळीने पश्चिम किनाऱ्याजवळ सज्ज असावी. पुण्याचा लोहगाव तळ तारापूरपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत आहे. दुसरी, पालघर जिल्ह्याच्या उत्तरेस, तारापूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर दमणला तटरक्षक दलाचा विमानतळ आहे. रात्रीच्या विशेष उड्डाणांच्या दृष्टीने त्याचा कसून अभ्यास आणि सराव व्हावा. तिसरी, वाढवण परिसरात नव्या विमानतळाचा विचार पुढे आला आहे. तो प्रत्यक्षात आणायचा असेल, तर त्याच्या आराखड्यात प्रवासी आणि माल यांच्याबरोबर संरक्षणाची गरजही पहिल्या दिवसापासून असावी. मागाहून जोडलेली सुरक्षा नेहमीच तोकडी पडते. चौथी, वर्षातून एकदा तरी तारापूरच्या किनाऱ्यावर औद्योगिक सुरक्षा दल, तटरक्षक, पोलीस, एन.एस.जी. आणि वायुदल यांचा एकत्रित रात्रसराव व्हावा. आणि पाचवी, विशेष मोहिमांसाठी स्वतंत्र संयुक्त कमांड असावे, ही नरेशचंद्र समितीची शिफारस विभागाच्या पातळीवर न थांबता पूर्णत्वाला जावी.

समाजाचे डोळे

तथापि सरकारने आणि सैन्याने सारे केले, तरी एक गोष्ट त्यांच्या हाती नाही. विमान कितीही वेगवान असो, त्याला बोलावणारी पहिली सूचना जमिनीवरून किंवा समुद्रावरून यावी लागते. १९९३ साली रायगडच्या शेखाडीला आर.डी.एक्स. उतरले, ते काही माणसे विकली गेली म्हणून. २००८ मध्ये 'कुबेर' नौका पळवून आलेले दहा जण कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले, तेव्हा तेथील माणसांनी त्यांना हटकले होते. पण त्या संशयाचे धोक्याच्या घंटेत रूपांतर करणारी यंत्रणा तेव्हा अस्तित्वात नव्हती.

सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, उच्छेळी, तारापूर, चिंचणी ही गावे पिढ्यान्पिढ्या या समुद्राची राखण करत आली आहेत. कोणती नौका आपली आणि कोणती अनोळखी, हे सातपाटीचा तांडेल कोणत्याही रडारपेक्षा आधी ओळखतो. या बांधवांना मासळीच्या दुष्काळाची, डिझेलच्या दराची, बंदराने होणाऱ्या विस्थापनाची चिंता आहे आणि ती खरी आहे. त्यांच्या पोटाचा प्रश्न बाजूला सारून त्यांच्याकडून केवळ राष्ट्ररक्षणाची अपेक्षा करणे न्यायाचे नाही. कोळी बांधव समाधानी आणि सन्मानाने जगणारा असेल, तर किनाऱ्याला त्याच्याइतका दक्ष पहारेकरी नाही. सागर रक्षक दलाचे काम, 'सागर कवच'सारखे सराव, किनाऱ्यावरील गावांतून जागरण करणाऱ्या संघटनांचे प्रयत्न यांना म्हणूनच महत्त्व आहे. बोईसर-पालघरच्या नागरी वस्तीतील तरुणांनीही नागरी संरक्षणाचे प्रशिक्षण घ्यावे. भोंगा वाजल्यावर काय करायचे, हे औद्योगिक वसाहतीतील प्रत्येक घराला ठाऊक असावे. त्यासाठी ७ मेसारख्या दिवसाची वाट पाहण्याची गरज नाही.

जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर यांच्यासारखा मोहरा खर्ची पडला. पुढे मे महिन्यात वसई पडली आणि उत्तर कोकण परकी जाचातून मुक्त झाले. रणनीती, सागरावरील जाण आणि स्थानिक समाजाचे साहाय्य, तिन्ही एकत्र आली तेव्हाच ते यश मिळाले. आज किल्ल्याची जागा अणुभट्टीने आणि घोडदळाची जागा हर्क्युलिसने घेतली असेल, पण विजयाचे गणित तेच आहे. रात्रीच्या अंधारात दिवे मालवून उडणाऱ्या त्या अनाम वैमानिकांनी आपला वाटा उचलला आहे. आपल्या किनाऱ्याचा वाटा आपण उचलला, तर २६/११ च्या त्या दहा तासांची पुनरावृत्ती या भूमीवर पुन्हा होणार नाही.